पूल कोणाचा?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांचे पत्र हाती आले, तेव्हा पोस्टमनने घर चुकविले असावे असे मला वाटले. ह्या व्यासपीठावर प्राध्यापक येतात, वकील येतात, ग्रंथकार येतात. मी सातवीत शाळा सोडलेला मनुष्य. चौदाव्या वर्षी मालट्रकवर क्लीनर म्हणून लागलो आणि पुढे वाहतूक कामगारांच्या संघटनेचे काम अंगावर घेतले, ते आज पंचावन्नाव्या वर्षापर्यंत चालू आहे. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. तेव्हा आज आपल्याला पांडित्य ऐकावयास मिळणार नाही. पण पूल आणि पथकर हा विषय माझ्या हातातून गेलेला आहे, आणि हे मी शब्दशः म्हणतो. नाका आला की उडी मारून खाली उतरावयाचे, पैसे भरावयाचे आणि पावती घेऊन पुन्हा चढावयाचे, हे क्लीनरचे काम. पावत्यांचा गठ्ठा रबराने बांधून मी खिशात ठेवीत असे. सुटे नसले की खिडकीतला मनुष्य दोन गोळ्या हातावर ठेवी. मुक्कामाला पोहोचलो की ड्रायव्हर विचारी, "पावत्या आण." मी हिशेब शिकलो तो त्या गठ्ठ्यावर.

त्या गठ्ठ्याने एक प्रश्न माझ्या डोक्यात घातला. नदी कोणाच्या मालकीची नाही. पूल बांधला तो आमच्यासारख्या मजुरांनी. दगड, वाळू ह्याच मातीतली. मग ही पावती कोणाच्या नावाची आहे? आणि किती दिवस फाडावयाची?

माझ्या आजोळच्या गावाला नदी होती आणि पूल नव्हता. आजी सांगत असे की नावाड्याला सुगीच्या वेळी प्रत्येक घरातून धान्य मिळे. गावकरी दिवसातून कितीही खेपा करो, खेपेला पैसा पडत नसे. परगावचा पाहुणा मात्र दिडकी देई. मला आज वाटते, सगळा वाद त्या नावेत होताच. ज्या वाटेवाचून गावाचे चालत नाही, ती वाट गावाने मिळून पोसावी, की जो पाय ठेवील त्याच्याकडून पावलागणिक वसूल करावे? दोन्ही रीती जुन्या आहेत. कोणती कोठे न्यायाची, एवढेच ठरवावयाचे आहे.

आपल्याकडची एक मोठी गोष्ट पाहा. मुंबई आणि साष्टी ह्यांच्यामध्ये माहीमची खाडी. तेथे नावेतून जावे लागे आणि पावसाळ्यात नावा उलटत. कंपनी सरकारने खर्चाला नकार दिला. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी लेडी आवाबाई पुढे झाल्या. त्यांनी प्रथम एक लाख रुपये दिले, आणि काम अर्ध्यावर पैसे संपले तेव्हा आणखी ५७,००० दिले. १८४५ साली तो रस्ता खुला झाला. माहीमला 'लेडी जमशेटजी रोड' आहे, तो त्यांच्याच नावाचा. पण देणगीपेक्षा मला त्यांची अट मोठी वाटते. सरकारने ह्या वाटेवर लोकांकडून कर घेता कामा नये, अशी ती अट होती. पैसे देणारी बाई श्रीमंत होती. तरी आपल्या पैशावर तिने व्याज मागितले नाही, नफा मागितला नाही, आणि सरकारलाही तो घेऊ दिला नाही. पूल एकदा बांधला की तो चालणाऱ्याचा, हे तिला कळले होते.

आता कोणी म्हणेल, अशा आवाबाई रोज जन्माला येत नाहीत. खरे आहे. म्हणून तर आपल्या काळात निराळी युक्ती निघाली. सरकारपाशी पैसा नाही, तेव्हा खाजगी कंपनीने पूल बांधावा, काही वर्षे वसुली करावी, खर्च आणि वाजवी नफा काढून घ्यावा आणि मग पूल सरकारच्या हवाली करावा. ऐकावयास ही युक्ती गोड आहे. मी स्वतः पूर्वी तिला फारशी वाईट समजत नव्हतो. तिची कसोटी लागते ती करारपत्रात. म्हणून एक करारपत्र आपल्यासमोर उलगडतो.

दिल्ली आणि नोएडा ह्यांच्यामध्ये यमुना आहे. तिच्यावरचा मोठा पूलरस्ता, ज्याला डी. एन. डी. म्हणतात, २००१ साली खुला झाला. १९९७ च्या करारात कंपनीला ३० वर्षांची मुदत दिली होती. पण नुसती मुदत नव्हती. प्रकल्पाच्या एकूण खर्चावर दरसाल २० टक्के परतावा कंपनीला मिळालाच पाहिजे, आणि एखाद्या वर्षी तेवढा मिळाला नाही तर राहिलेली तूट मूळ खर्चात मिळवावयाची, असे कलम होते. आणि रक्कम फिटली नाही तर मुदत वाढवावयाची.

हे कलम वकिलाच्या भाषेत पुष्कळ लांब आहे. मी ते पावतीच्या पाठीवर करून दाखवितो. समजा, कंपनीने १०० रुपये घातले. पहिल्या वर्षी तिला २० मिळावयाचे. खर्च वजा जाता ८ मिळाले. तूट १२. झाले १०० चे ११२. दुसऱ्या वर्षी ११२ वर २० टक्के म्हणजे २२ रुपये ४० पैसे मिळावयाचे. वसुली वाढून १० झाली. तूट १२ रुपये ४० पैसे. झाले १२४ रुपये ४० पैसे. तिसऱ्या वर्षी वसुली आणखी वाढून १२ झाली, तरी तूट १२ रुपये ८८ पैसे, आणि देणे १३७ रुपये २८ पैसे. तीन वर्षांत लोकांनी ३० रुपये भरले आणि १०० चे देणे १३७ झाले! दरसाल वसुली वाढते आहे, गाड्या वाढताहेत, आणि देणेही वाढते आहे. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, रीत मात्र करारातली आहे. बंधूंनो, आपल्यापैकी ज्यांच्या आजोबांनी सावकाराचे खत पाहिले असेल, त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. बैल गेला, शेत गेले, तरी खत फिटत नाही, अशी ती रीत.

तेथील रहिवासी संघांच्या महासंघाने २०१२ साली अलाहाबाद उच्च न्यायालयात अर्ज केला. २६ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यायालयाने वसुली थांबविली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी तेथेही निकाल लोकांच्याच बाजूने लागला. कंपनीचा खर्च आणि नफा दोन्ही वसूल झाले आहेत, आता वसुली चालू ठेवण्यास आधार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आणि खुल्या निविदेवाचून कंपनी निवडली, वसुलीचा अधिकार तिच्या स्वाधीन केला, ह्याबद्दल सरकारी प्राधिकरणावरही ठपका ठेवला. ह्या शेवटच्या वाक्याकडे आपले लक्ष वेधतो. कंपनीने लुटले असे म्हणणे सोपे आहे. पण खतावर अंगठा कोणी उठविला? आपल्या वतीने सरकारने.

असाच एक लढा सातासमुद्रापलीकडे झाला. स्कॉटलंडच्या पश्चिमेला स्काय नावाचे बेट आहे. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये खाजगी भांडवलावर बांधलेला पूल तेथे खुला झाला आणि पूर्वापार चालत आलेली फेरीबोट बंद झाली. म्हणजे पूल नको असेल तर नावेने जा, असेही म्हणण्याची सोय राहिली नाही. २००४ साली मोटारीच्या जाण्यायेण्याला ११ पौंड ४० पेन्स पडत. त्याच स्कॉटलंडातल्या फोर्थच्या पुलाच्या हा दर चौदा पट होता. बेटावरच्या लोकांनी सरळ सांगितले, आम्ही भरणार नाही. शेतकरी, दुकानदार, घरोघरच्या म्हाताऱ्या बाया नाक्यावर उभ्या राहून नकार देऊ लागल्या. सुमारे ५०० लोकांना पकडले, सुमारे १३० जणांना शिक्षा झाल्या. सविनय कायदेभंग हा शब्द आपल्याला घरचा आहे. त्यांना तो पुलावर शिकावा लागला. नऊ वर्षे लढा चालला. अखेर २१ डिसेंबर २००४ रोजी स्कॉटलंडच्या सरकारने सुमारे २ कोटी ७० लाख पौंड मोजून पूल विकत घेतला आणि त्याच दिवसापासून वसुली बंद केली.

येथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल की उत्तर सापडले. पूल सरकारने ताब्यात घ्यावा म्हणजे प्रश्न मिटला. मीही सभांतून असेच सांगत असे. परंतु एवढ्याने भागत नाही, हे मला दोन गोष्टींनी शिकविले.

पहिली गोष्ट कर्जाची. इंग्लंडमध्ये हंबर नदीवरचा पूल १९८१ साली झाला. तो प्रथमपासून स्थानिक संस्थांच्या मंडळाचा, म्हणजे सार्वजनिकच. तरी कर्जावरचे व्याज साचत गेले आणि देणे बांधकामाच्या खर्चाच्या कित्येक पट झाले. शेवटी २०१२ साली सरकारने १५ कोटी पौंडांचे कर्ज माफ केले, तेव्हा कुठे मोटारीचा दर ३ पौंडांवरून दीड पौंडावर आला. मालक बदलला म्हणून व्याज थांबत नाही. आपल्या अटल सेतूचेच पाहा. १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तो सरकारी प्राधिकरणाने बांधला, सुमारे १७,८०० कोटी रुपये खर्च आला आणि त्यातला मोठा भाग जपानकडून कर्जाऊ घेतला. सुरुवातीला मोटारीला एका बाजूचे २५० रुपये ठरले. पूल सरकारी, तरी पावती आहेच.

आणि त्याच वर्षी, त्याच मुंबईत, महानगरपालिकेने समुद्राकाठचा कोस्टल रोड खुला केला. त्याचाही खर्च हजारो कोटींचा. पण तो पालिकेने आपल्या तिजोरीतून केला आणि त्यावर पथकर ठेवला नाही. मरीन ड्राइव्हकडून निघालेला मोटारवाला काही अंतर फुकट जातो आणि पुढे वांद्रे-वरळी सागरी सेतूवर चढला की पैसे भरतो. खालचा समुद्र एकच, वरची मोटार एकच. कोणी मला सांगा, ह्यात कोणते तत्त्व आहे? तत्त्व काही नाही. कोणत्या खात्याने कोणत्या पैशातून बांधले, एवढाच फरक. आणि त्याबद्दल आपल्याला कोणी विचारलेले नाही.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. महाडजवळ सावित्री नदीवर १९२८ साली बांधलेला दगडी पूल होता. मालक सरकार. पथकर नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो वाहून गेला, आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या आणि आणखी वाहने गेली. त्या गाड्यांतले चालक आणि वाहक आमच्याच पेशाचे. काळोखात पुढे पूल आहे ह्या भरवशावर त्यांनी गाडी घातली. ज्या पुलाचा पैसा कोणी घेत नाही, त्याच्याकडे पाहण्याचे कामही कोणाला आठवत नाही, असे त्या रात्री दिसले. उलट, गुजराथेत मोरबीचा झुलता पूल नगरपालिकेने खाजगी कंपनीच्या हाती दिला होता. तेथे तिकीट होते. दुरुस्तीनंतर तो पुन्हा उघडला आणि चारच दिवसांत, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, तुटला. १३५ माणसे मेली. एक पूल सरकारी आणि फुकट, दुसरा ठेक्यावरचा आणि तिकिटाचा. दोन्हींकडे माणसे नदीत. म्हणून मी आता म्हणतो की मालकी सरकारची हवी, पण नुसती मालकी पुरत नाही. पुलाचा हिशेब आणि पुलाची देखभाल ही दोन्ही लोकांच्या डोळ्यांसमोर हवीत.

आता एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो प्रामाणिक आहे. गडचिरोलीच्या शेतमजुराने मुंबईच्या पुलाचा पैसा का भरावा? जो वापरील तो भरील, हे न्यायाचे नाही काय? शिवाय मुंबईतला कामगार लोकलने जातो. मोटारवाल्याला पूल फुकट करून त्या कामगाराला काय मिळाले? ह्यातला पहिला भाग मी मान्य करतो. गडचिरोलीवर बोजा नको. पण पूल वापरतो कोण, हे नीट पाहा. कांद्याचा ट्रक पुलावरून गेला की त्याची पावती कांद्याच्या भावात चढते, आणि ती भरते भाजी घेणारी बाई, जिने पूल डोळ्यांनीही पाहिलेला नसतो. आणि पूल झाला की पलीकडच्या जमिनीचा भाव चढतो. जमीनमालक हात न हलविता श्रीमंत होतो. पुलाचा सर्वांत मोठा वापर त्याने केला, तो नाक्यावर येतच नाही. त्या वाढलेल्या भावातला वाटा घ्या. पुलाचे कर्ज पुष्कळसे तेथेच फिटेल. उरलेल्यासाठी काही काळ पथकर घ्यावाच लागला, तर सार्वजनिक बसला आणि मालाच्या गाडीला तो माफ असावा, आणि शेवटची तारीख पहिल्या दिवशी फलकावर लिहिलेली असावी. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर माफ झाला. आनंद आहे. पण मालाच्या मोठ्या गाड्यांना ती माफी मिळाली नाही. मोटारवाल्याचा आवाज मोठा, मताचा दिवस जवळ. कांदा मत देत नाही.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना मला थोडे जड जाते. पण ते सांगितल्यावाचून मी खाली बसलो तर हे भाषण खोटे ठरेल.

काही वर्षांपूर्वी एका पुलावरचा नाका बंद व्हावा म्हणून आम्ही आंदोलन केले. गावाचे, ठेकेदाराचे नाव घेत नाही. दोन वर्षे मोर्चे झाले, धरणी झाली, आणि एका रात्री बारा वाजता नाका उठला. लोकांनी फटाके लावले, मला खांद्यावर घेतले. खाली उतरलो तेव्हा खिडक्यांच्या मागे काही मुले उभी दिसली. अंगावर ठेकेदाराचे निळे शर्ट. ही मुले बारा-बारा तास त्या धुरात बसत. रोकड कमी भरली तर पगारातून कापली जाई. ठेकेदार बदलला की नोकरी पुन्हा पहिल्यापासून सुरू. ड्रायव्हरच्या शिव्या खावयाच्या त्या यांनीच. २०२१ साली फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हा निम्मी आधीच घरी गेली होती. उरलेल्यांतला एक मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही जिंकलात. आता आमचं काय?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. तीस वर्षे कामगारांची संघटना चालविणारा मी मनुष्य, आणि ज्या नाक्यावर दोन वर्षे ओरडलो, त्याच्या आत बसलेले कामगार आहेत हे माझ्या ध्यानात आले नव्हते. त्यांना मी नाक्याचा भाग समजत होतो. लोखंडी आडव्यासारखा. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांची कागदपत्रे गोळा करू लागलो. कित्येकांच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कापली होती आणि भरलीच नव्हती. कार्यालयाचे खेटे घालून दीड वर्षाने काहींचे पैसे मिळाले, काहींचे अजून मिळावयाचे आहेत. नोकरी मात्र मी एकालाही परत देऊ शकलो नाही. तो विचारणारा मुलगा आता दुसऱ्याची रिक्षा चालवितो. भेटला की नमस्कार करतो. रागावला असता तर बरे वाटले असते.

त्याच्या प्रश्नाने माझी मागणी बदलली. पूर्वी मी म्हणत असे, नाका उठवा. आता म्हणतो, नाका उठवा आणि माणसे पुलावर ठेवा. पुलाला माणसांची गरज असते. पाणी जाण्याच्या मोऱ्या पावसाळ्यापूर्वी साफ कराव्या लागतात. लोखंडाला गंज चढतो तो खरवडून रंग द्यावा लागतो. सांधे पाहावे लागतात, पुरात पाणी किती चढले ते पाहून वेळेवर गाड्या थांबवाव्या लागतात. सावित्रीच्या काठी त्या रात्री कंदील घेऊन एक पगारी मनुष्य उभा असता तर! ही कामे शिकविली तर नाक्यावरचा मुलगा का करणार नाही? पैसे मोजणारा हात खिळाही मोजू शकतो.

तेव्हा आपल्यासमोर मी चार मागण्या ठेवतो. पुलाचा करार होण्यापूर्वी तो मराठीत छापून लोकांपुढे ठेवावा. घातला किती, वसूल किती, उरला किती, हा हिशेब दर वर्षी पुलाच्या तोंडाशी फलकावर लिहावा. कर्ज फिटले की त्याच दिवशी वसुली थांबावी आणि पूल सरकारच्या मालकीचा व्हावा. आणि वसुली थांबताना तेथील कामगारांना देखभालीच्या कामावर घ्यावे, त्यासाठीचा पैसा अंदाजपत्रकात वेगळा काढून ठेवावा. ह्यात क्रांतिकारक असे काही नाही. घरी वाण्याकडची उधारी आपण अशीच लिहितो.

आपण पुढच्या वेळी पुलावरून जाल आणि हाती पावती येईल, किंवा काचेवरच्या चिठ्ठीतून पैसे आपोआप जातील, तेव्हा क्षणभर विचारा की हे किती दिवस, आणि कोणाला? आणि पावती देणाऱ्या हाताकडेही एकदा पाहा. मी ते उशिरा पाहिले.